लंडनच्या जुन्या तुरुंगांची छापचित्रे : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

लंडनच्या तुरुंगांची जी जुनी छापचित्रे आम्ही पुन्हा छापून आणि फ्रेम करून देतो, त्यांच्यासोबत हे माहितीपत्रक आवर्जून जोडतो. ही चित्रे पहिल्यांदा पाहताना डोळा भिंतींवर, गजांवर आणि बेड्यांवर जातो आणि तिथेच थांबतो. आमची विनंती अशी आहे, की आपण आधी चित्रातले हात पाहावेत. कोण कोणापुढे हात पसरतो आहे, कोणाच्या हातात हिशेबाची वही आहे आणि कोणाचे हात रिकामे आहेत, एवढे पाहिले तरी अठराव्या शतकातला लंडनचा तुरुंग कसा चालत होता याचा बराचसा उलगडा होतो.

त्या काळी तुरुंग हा पैशावर चालणारा व्यवहार होता. तुरुंगाधिकाऱ्याची जागा विकत घेता येत असे आणि ती घेणारा आपली रक्कम कैद्यांकडूनच वसूल करत असे. खोलीचे भाडे, बिछान्याचे भाडे, दाखल होतानाचे शुल्क, सुटतानाचे शुल्क, जड बेड्यांऐवजी हलक्या बेड्या हव्या असतील तर त्याचे वेगळे पैसे, असा तो सारा हिशेब होता. न्यायालयाने निर्दोष ठरवलेला माणूससुद्धा शुल्क भरू शकला नाही म्हणून आतच राहिल्याची उदाहरणे तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड यांनी १७७७ साली आपल्या पाहणीत नोंदवली आहेत. तुरुंगातली ही शुल्के कायद्याने बंद व्हायला १८१५ साल उजाडले. फ्लीट, किंग्ज बेंच आणि मार्शलसी हे मुख्यतः कर्जबाजाऱ्यांचे तुरुंग होते. तिथे धनकोचे पैसे फिटेपर्यंत ऋणकोला डांबून ठेवत आणि आत राहण्याचा खर्चही त्याच्याच डोक्यावर चढत जाई. पैसे नसल्यामुळे आत आलेल्या माणसाकडे आत आल्यावर पुन्हा पैसेच मागितले जात, आणि चित्रांतले पसरलेले हात याच विसंगतीची साक्ष देतात.

फ्लीटमधली एक खोली

आमच्या संचातले सर्वांत नीट पाहण्यासारखे चित्र विल्यम होगार्थ यांचे आहे. वडिलोपार्जित संपत्ती उधळणाऱ्या टॉम रेकवेल या तरुणाची कथा सांगणाऱ्या त्यांच्या आठ चित्रांच्या मालिकेतले हे सातवे चित्र. मूळ तैलचित्रे लंडनमध्ये सर जॉन सोन यांच्या संग्रहालयात आहेत. छापचित्रे मात्र होगार्थ यांनी मुद्दाम रोखून धरली होती, कारण बाजारात नकला काढणाऱ्यांचा सुळसुळाट होता आणि छापचित्रकाराला हक्क देणारा कायदा व्हायचा होता. तो कायदा ज्या दिवशी अमलात आला, त्याच दिवसाची म्हणजे २५ जून १७३५ ही तारीख चित्राच्या खालच्या कडेला कोरलेली आपल्याला दिसेल. आम्ही ती ओळ कापत नाही.

या चित्रात टॉम फ्लीट तुरुंगातल्या खोलीत बसला आहे. पैशासाठी लग्न केलेली वयस्कर बायको त्याच्या कानाशी ओरडते आहे. दुसऱ्या बाजूला बिअर घेऊन आलेला पोरगा पैशासाठी अडून बसला आहे आणि त्याच्यामागे तुरुंगाचा माणूस हिशेबाची वही घेऊन नव्या कैद्याकडून घ्यायची ठरावीक रक्कम मागतो आहे. या वसुलीला तुरुंगाच्या बोलीत ‘गार्निश’ म्हणत. टॉमजवळ एक पत्र पडले आहे. त्याने पैसे मिळवण्याच्या आशेने नाटक लिहून नाटकगृहाच्या मालकाकडे धाडले होते, आणि नाटक वाचले पण ते चालणार नाही, असे उत्तर आले आहे. ते उत्तर अगदी छोटे आहे आणि भिंग घेऊन बसल्यास अक्षरे लागतात.

चित्राच्या दुसऱ्या भागात टॉमने पूर्वी फसवलेली सारा यंग बेशुद्ध पडली आहे आणि तिची मुलगी तिच्यापाशी रडते आहे. साराला सावरणाऱ्या माणसाच्या अंगावरून कागदाची एक गुंडाळी खाली घसरते आहे, आणि तिच्यावर राष्ट्राचे कर्ज फेडण्याची नवी योजना लिहिलेली आहे. ज्याला स्वतःचे कर्ज फेडता आले नाही असा माणूस देशाचे कर्ज फेडायला निघाला आहे. मागे एक जण भट्टीपाशी हलक्या धातूचे सोने करण्यात गढला आहे आणि पलंगाच्या छतावर माणसाने उडण्यासाठी बनवलेले पंख ठेवले आहेत. मला स्वतःला या चित्रात सर्वांत खोलवर लागते ते हे पंख. बेड्या कुठे ठळकपणे दिसत नाहीत, पण त्या खोलीतल्या प्रत्येकाने बाहेर पडण्याची काहीतरी युक्ती शोधून काढली आहे आणि त्यातली एकही उपयोगाची नाही.

होगार्थ यांना ही खोली कल्पनेने रंगवावी लागली नसावी. त्यांच्या वडिलांनी लंडनमध्ये लॅटिन बोलणाऱ्यांसाठी कॉफीगृह काढले होते, ते बुडाले आणि विल्यम लहान असतानाच कुटुंबाने फ्लीटचा तुरुंगवास अनुभवला. पुढे १७२९ साली संसदेच्या समितीने फ्लीटची चौकशी केली, तेव्हा होगार्थ यांनी त्या चौकशीचेही चित्र काढले. फ्लीटचे अधिकारी टॉमस बॅम्ब्रिज यांनी ही जागा भागीदारीत पाच हजार पौंडांना विकत घेतली होती. रॉबर्ट कॅस्टेल नावाच्या कर्जबाजारी कैद्याला पैसे देता आले नाहीत म्हणून देवीची साथ असलेल्या घरात हलवण्यात आले आणि तो तिथे मरण पावला. कॅस्टेल हा खासदार जेम्स ओगलथॉर्प यांचा मित्र होता आणि या मृत्यूनंतर ओगलथॉर्प यांच्याच पुढाकाराने चौकशी सुरू झाली. बॅम्ब्रिज खुनाच्या आरोपातून सुटले, परंतु त्यांची जागा गेली. या चित्राचा प्राथमिक आराखडा केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे आणि पूर्ण चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. समितीपुढे गुडघे टेकून बसलेला कैदी आणि त्याच्यासमोर अवघडून उभा असलेला तुरुंगाधिकारी, या दोघांच्या अंगावरचे कपडे फक्त शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

न्यूगेटमधले चेहरे

न्यूगेटची गोष्ट वेगळी होती. तिथे गुन्ह्यासाठी धरलेले आणि फाशीची शिक्षा झालेले कैदी असत, आणि बाहेरच्या लोकांना त्यांना पाहायला जाता येत असे, अर्थात पहारेकऱ्यांचे हात ओले करून. १७२४ साली जॅक शेपर्ड हा तरुण चोर न्यूगेटमधून दोनदा पळाला, आणि पुन्हा पकडला गेल्यावर त्याला पाहायला रीघ लागली. त्या गर्दीत राजदरबारचे चित्रकार सर जेम्स थॉर्नहिल हेही होते. त्यांनी काढलेल्या चित्रावरून मेझोटिंट (धातूचा पत्रा खडबडीत करून छाया-प्रकाश साधणारे) छापचित्र निघाले आणि १६ नोव्हेंबरला शेपर्डला फाशी झाल्यावरही त्याचा चेहरा लोकांच्या घरांत राहिला.

पुढे होगार्थ हे याच थॉर्नहिल यांचे जावई झाले, आणि १७३३ साली तिहेरी खुनाच्या खटल्यात दोषी ठरलेल्या सारा माल्कम हिचे चित्र काढायला ते न्यूगेटमध्ये गेले. फाशीला दोनच दिवस राहिले होते. ती टेबलापाशी बसली आहे, हात टेबलावर टेकलेले आहेत आणि जवळ जपमाळ आहे. पोटासाठी लोकांची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे ते दणकट हात चित्रकाराने इतक्या गंभीरपणे काढले आहेत, की बघणाऱ्याने तिला दोषी मानावे की नाही हा प्रश्न चित्र स्वतः विचारत नाही. छापचित्र मात्र सहा पेन्सला विकले गेले, ते तिच्या फाशीच्या बातमीमुळेच, हेही विसरता कामा नये.

ग्राहकांनी एक भेद लक्षात ठेवावा. होगार्थ यांनीच रंगवलेले, बेड्या घातलेला दरोडेखोर मॅकहीथ मधोमध उभा असलेले ‘न्यूगेट’ हे नाटकाच्या रंगमंचावरचे न्यूगेट आहे. दोन्ही कडांना बसलेले उंची कपड्यांतले लोक प्रेक्षक आहेत. पुष्कळ जण ते खऱ्या तुरुंगाचे चित्र समजून मागतात, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

न्यूगेटची नवी इमारत जॉर्ज डान्स यांच्या आराखड्यावरून बांधली गेली. ओबडधोबड दगडांच्या जवळजवळ खिडक्या नसलेल्या भिंती आणि दरवाजांवर कोरलेल्या साखळ्या पाहूनच माणसाने धसका घ्यावा, हा त्यामागचा उद्देश होता. जून १७८० मधल्या कॅथलिकविरोधी गॉर्डन दंगलीत जमावाने ही इमारत पेटवली आणि कैदी मोकळे केले. त्या रात्रीची जी छापचित्रे निघाली, त्यांत ज्वाळा फार मोठ्या आणि माणसे फार छोटी आहेत. इमारत पुन्हा उभी राहिली आणि १७८३ पासून १८६८ पर्यंत तिच्याच दारासमोर जाहीर फाशी दिली जात असे.

भिंती खऱ्या, चेहरे सावधपणे

रंगीत छापचित्रे मागणाऱ्यांना आम्ही रुडॉल्फ अकरमन यांनी १८०८ ते १८१० या काळात प्रसिद्ध केलेल्या लंडनच्या १०४ चित्रांपैकी तुरुंगांची चित्रे सुचवतो. यांतले बांधकाम ऑगस्टस पुजिन यांनी काढले आहे आणि माणसे टॉमस रोलँडसन यांनी. पुजिन मोजमापाचे पक्के होते आणि रोलँडसन हे व्यंगचित्रकार होते. म्हणून छताची उंची, खिडक्यांची जागा, अंगणाची लांबीरुंदी यांवर भरवसा ठेवावा, पण गलेलठ्ठ गाल आणि वेडीवाकडी नाके ही रोलँडसन यांची हातोटी समजावी. फ्लीटच्या चित्रात उंच भिंतीपाशी कैदी रॅकेट्स (भिंतीवर चेंडू मारण्याचा खेळ) खेळताना दिसतात आणि हे खरे आहे. तो खेळ कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगांतच वाढला. ब्राइडवेलच्या चित्रात मोठ्या दालनात जमिनीवर पेंढा पसरून केलेल्या अंथरुणांवर बायका आणि तान्ही मुले आहेत. या स्त्रियांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्यापूर्वी सात दिवस इथे ठेवत. एकेकाळी ही वास्तू आठव्या हेन्रीचा राजवाडा होती आणि १५५३ साली ती शहराला दिली गेली, हे माहीत असले की त्या दालनाच्या उंचीचे आणि खालच्या पेंढ्याचे अंतर अधिक जाणवते.

बेंजामिन हेडन या चित्रकाराने तर कर्जापायी स्वतःच १८२७ साली किंग्ज बेंचची हवा खाल्ली. त्या उन्हाळ्यात कैद्यांनी अंगणात खोटीखोटी निवडणूक लढवली. ती पाहून हेडन यांनी बाहेर आल्यावर मोठे चित्र रंगवले आणि ते चौथ्या जॉर्ज राजाने पाचशे गिनींना विकत घेतले. त्याचे पुढचे चित्र टेट संग्रहालयाकडे आहे. टेटची जुनी इमारत १८९७ साली उघडली ती मिलबँक तुरुंग पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर, हा योगायोग आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

संचातले शेवटचे चित्र गुस्ताव डोरे यांचे, १८७२ सालचे आहे. न्यूगेटच्या चिंचोळ्या अंगणात कैदी एकामागे एक गोल फिरत आहेत, भिंती वर जाऊन दिसेनाशा होतात आणि एका बाजूला पहारेकरी व उंच टोप्या घातलेले पाहुणे उभे आहेत. होगार्थच्या खोलीनंतर हे चित्र लगेच पाहिले तर फरक अंगावर येतो : इथे कोणीच कोणापुढे हात पसरत नाही. गार्निश नाही, बिअरवाला पोरगा नाही, हिशेबाची वही नाही. १८४२ साली उघडलेल्या लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात कैद्यांना एकमेकांचा चेहराही दिसू नये अशी व्यवस्था होती आणि तीच शिस्त तोवर सगळीकडे झिरपली होती. पैशाचा बाजार गेला, त्याबरोबर बोलणेही गेले. याच छापचित्रावरून व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८९० साली, स्वतः मनोरुग्णालयात असताना, रंगीत चित्र केले. ते आज मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे. भिंतीवर बरेच उंच त्यांनी दोन पांढरी फुलपाखरे घातली आहेत. डोरे यांच्या चित्रात ती नाहीत, म्हणून आमच्या प्रतीतही ती शोधू नयेत.

प्रतींविषयी आणि त्या जपण्याविषयी

तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र ओल्या कागदावर दाबून काढले की पत्र्याची कड कागदात उमटते. मूळ छापचित्र ओळखण्याची ती एक खूण आहे. आमच्या प्रती आधुनिक शाईने छापलेल्या असल्यामुळे त्यांच्यावर ही खूण नसते, आणि ती खोटी उमटवून आम्ही देत नाही. कोणी आमची प्रत मूळ म्हणून विकत असेल तर एवढ्यावरून ती ओळखता येईल. काळ्यापांढऱ्या मूळ चित्रात आम्ही रंगही भरत नाही.

काच चित्राला चिकटू देऊ नये. मधल्या माउंटमुळे (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्यामुळे) राहणारी फट तशीच राहू द्यावी, नाहीतर दमट हवेत कागद काचेला धरतो आणि सोडवताना शाई सुटते. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. होगार्थचे चित्र डोळ्यांच्या उंचीला आणि जवळ जाता येईल असे लावावे, कारण त्यातली पत्रे आणि कागद वाचण्यासाठीच काढलेले आहेत. डोरेचे चित्र मात्र थोडे दुरून पाहण्याचे आहे. प्रत्येक फ्रेमच्या मागे चित्रकाराचे नाव, तुरुंगाचे नाव, चित्राचे साल आणि मूळ चित्र जिथे आहे त्या संग्रहालयाचे नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते. फ्रेम बदलून घेताना ती चिठ्ठी नव्या फ्रेमला लावून घ्यावी.