हवाई कार्गोची सुरक्षा-मान्यता : कोकणातील निर्यातदारासाठी पात्रता, कागदपत्रे आणि त्यामागचे कारण

रत्नागिरी, देवगड किंवा श्रीवर्धनहून विमानाने परदेशी माल पाठवणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर द्यावी लागतात. पेटीत काय आहे, हा पहिला प्रश्न असून त्याची कागदपत्रे आपल्याकडील निर्यातदारांना आता बऱ्यापैकी पाठ झाली आहेत. ही पेटी कोणी भरली, कोणी बंद केली आणि विमानात चढेपर्यंत ती कोणाकोणाच्या ताब्यात होती, हा दुसरा प्रश्न. प्रस्तुत माहिती मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे, कारण त्याच्यासाठी कोणाकडे अर्ज करावा, आणि मुळात करावा की नाही, याबद्दल बराच गोंधळ दिसतो.

अर्ज कोणी करावा

भारतात विमानतळ आणि विमान कंपन्यांच्या सुरक्षेचे नियमन नागरी विमान सुरक्षा ब्युरो, म्हणजे बीसीएएस, ही केंद्र सरकारची संस्था करते. १९७६ च्या विमान अपहरणानंतर १९७८ मध्ये ती स्थापन झाली आणि एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाच्या १९८५ मधील घातपातानंतर, १ एप्रिल १९८७ पासून, ती स्वतंत्र विभाग झाली. कार्गोच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारातील सतरावे परिशिष्ट दोन प्रकारचे विश्वासू घटक मानते. स्वतःचा माल स्वतःच्या जागेत सुरक्षित पद्धतीने तयार करणारा तो ‘नोन कन्साइनर’, म्हणजे ज्ञात प्रेषक. इतरांचा माल स्वीकारून, तपासून तो सुरक्षित स्थितीत विमान कंपनीच्या हवाली करणारा तो ‘रेग्युलेटेड एजंट’. अशी मान्यता देण्याचा अधिकार आपल्याकडे ब्युरोला आहे.

माझ्या मते हंगामात काही शिपमेंट पाठवणाऱ्या बागायतदाराने किंवा आंबापोळी, कोकम, काजूगर पाठवणाऱ्या छोट्या उद्योगाने स्वतःसाठी अशी मान्यता मिळवण्याच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी बंदिस्त जागा, कॅमेरे, प्रशिक्षित माणसे आणि वारंवार होणारी तपासणी यांचा खर्च बारमाही निर्यात असेल तरच परवडतो. त्याने मान्यताप्राप्त एजंटामार्फत माल पाठवावा. अशा मालाची तपासणी विमानतळावरील कार्गो संकुलात क्ष-किरण यंत्राने, स्फोटकांचा अंश टिपणाऱ्या यंत्राने, श्वानपथकाने किंवा हाताने उघडून होते. मात्र अनेक उत्पादकांचा माल एकत्र करून पाठवणारी संस्था, फॉरवर्डर (इतरांच्या मालाच्या वाहतुकीची व्यवस्था करणारा) किंवा स्वतःचे गोदाम असलेला कस्टम ब्रोकर (कस्टमची कामे करून देणारा परवानाधारक) यांनी रेग्युलेटेड एजंट होण्याचा विचार जरूर करावा.

कागदपत्रे

साध्या निर्यातदारासाठी पाया म्हणजे आयात-निर्यात कोड, ज्याला सगळे आयईसी म्हणतात. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला धनादेश यांच्या आधारे मिळतो. शुल्क ५०० रुपये आहे, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातील माहिती बदलली नसली तरी पुन्हा निश्चित करावी लागते, अन्यथा कोड निष्क्रिय होतो. त्याखेरीज जीएसटी नोंदणी, बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक), अन्न परवाना, अपेडाचे, म्हणजे कृषी निर्यात विकास प्राधिकरणाचे, नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र आणि ताज्या फळासाठी फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचे, प्रमाणपत्र लागते. शिपमेंटगणिक बीजक, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमकडे दाखल करायचे निर्यातीचे घोषणापत्र) आणि ब्रोकरला दिलेले केवायसीसह अधिकारपत्र हवे.

सुरक्षेच्या बाजूने निर्यातदाराने स्वतःच्या सहीने दोन गोष्टी सांगायच्या असतात: मालात स्फोटक, ज्वालाग्राही किंवा अन्य धोकादायक वस्तू नाही, आणि आपण पेटी बंद केल्यापासून ती आपल्या नजरेबाहेर गेलेली नाही. त्यावर विसंबून आणि तपासणी करून एजंट किंवा विमान कंपनी ‘कन्साइनमेंट सिक्युरिटी डिक्लरेशन’ हा कागद करते. त्यावर एसपीएक्स असे लिहिले असेल तर माल प्रवासी विमानातूनही जाऊ शकतो. एससीओ असेल तर केवळ मालवाहू विमानातून. तपासणी कोणत्या पद्धतीने, कोणी आणि किती वाजता केली, हेही त्यावर नोंदलेले असते. त्याची प्रत मागून ठेवावी.

रेग्युलेटेड एजंट होऊ इच्छिणाऱ्याच्या अर्जाला कंपनीची नोंदणी, पॅन, जीएसटी, संचालकांचा तपशील, जागेचा मालकी हक्क किंवा भाडेकरार आणि जागेचा नकाशा जोडावा लागतो. कंपनीची आणि संचालकांची सुरक्षा-पडताळणी केंद्रीय पातळीवर होते. अर्जाचा गाभा मात्र ‘सिक्युरिटी प्रोग्राम’ हा दस्तऐवज आहे: माल कोणत्या दाराने येतो, कोण मोजून घेतो, तपासलेला आणि न तपासलेला माल एकमेकांत मिसळू नये म्हणून काय व्यवस्था आहे, किल्ल्या कोणाकडे असतात, सील फुटलेले आढळले तर काय करायचे. तो दुसऱ्याच्या अर्जावरून उतरवून काढू नये. तपासणीला आलेला अधिकारी त्यातील वाक्य वाचून ते दार दाखवा म्हणतो, आणि आपल्या गोदामाला ते दारच नसते. अर्जाचा नमुना आणि शुल्क ब्युरोच्या संकेतस्थळावर असेल तोच घ्यावा.

कर्मचाऱ्यांची ओळख आणि पोलीस पडताळणी आवश्यक असते. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक सेवा संकेतस्थळावर अर्ज करता येतो. आपल्या भागात एक विशेष अडचण येते. आंब्याच्या हंगामात बागेच्या राखणीला आणि पॅकहाऊसमधील भरणीला नेपाळी कामगार मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्यापैकी अनेकांपाशी आधार नसून नेपाळचे नागरिकता प्रमाणपत्र असते. त्याची प्रत, छायाचित्र आणि स्थानिक पोलीस ठाण्यातील नोंद हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच करून ठेवावी. पेटी बंद करण्याच्या आणि सील लावण्याच्या जागी ज्यांची पडताळणी पूर्ण झाली आहे तेच लोक नेमावेत, बाकीच्यांना वर्गवारीचे आणि धुण्याचे काम द्यावे.

हे सगळे कशासाठी

२९ ऑक्टोबर २०१० रोजी येमेनमधील सना येथून निघालेली दोन पार्सले सापडली, एक इंग्लंडमधील ईस्ट मिडलँड्स विमानतळावर आणि दुसरे दुबईत. संगणकाच्या प्रिंटरच्या टोनरमध्ये पीईटीएन हे स्फोटक भरले होते. पत्ते शिकागोतील ज्यूंच्या प्रार्थनास्थळांचे होते आणि घेणाऱ्यांची नावे शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांची. ईस्ट मिडलँड्सला पहिल्या तपासणीत काही सापडले नव्हते. सौदी अरेबियाकडून माहिती आली होती, म्हणून पुन्हा शोध घेतला गेला. दुबईत सापडलेले पार्सल तोपर्यंत दोन प्रवासी विमानांतून आले होते. अरबी द्वीपकल्पातील अल्-कायदाने नंतर या कटाला ४,२०० डॉलर खर्च आल्याचे प्रसिद्ध केले, आणि एवढ्या पैशांत जगाच्या मालवाहतुकीला अब्जावधींचा खर्च लावता येतो, अशी बढाई मारली. आज आपल्या आंब्याच्या पेटीवर जो तपासणीचा खर्च लागतो, त्यात या हिशेबाचा वाटा आहे.

त्यानंतर अमेरिकेने विमानात माल चढण्यापूर्वीच त्याची माहिती मागवण्याची पद्धत सुरू केली, आणि २०१८ पासून ती बंधनकारक केली. युरोपीय संघाने मार्च २०२३ पासून सर्वसाधारण हवाई कार्गोसाठी तशीच पद्धत लागू केली. जून २०२१ अखेरपासून केवळ मालवाहू असलेल्या विमानांतील आंतरराष्ट्रीय मालालाही, तो ज्ञात प्रेषकाकडून आलेला नसेल तर, तपासणीतून सूट उरलेली नाही. माल चढण्यापूर्वी द्यायच्या या पूर्वमाहितीत पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे पूर्ण नाव-पत्ता, मालाचे वर्णन, नगांची संख्या, वजन आणि एअरवे बिल, म्हणजे विमान वाहतुकीच्या पावतीचा, क्रमांक असतो. ‘खाद्यपदार्थ’ किंवा ‘घरगुती सामान’ असे मोघम वर्णन लिहिले की शंका विचारली जाते आणि विमान सुटते. ‘ताजे हापूस आंबे, एचएस ०८०४५०, इतक्या पेट्या’ असे (एचएस म्हणजे कस्टमचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) लिहिले तर विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

दहशतवादाचे मूळ कोठे असते, हा प्रश्न अर्जाच्या माहितीत अस्थानी वाटेल. परंतु कर्मचाऱ्यांची पडताळणी कोणत्या दृष्टीने करावी, हे त्यावर अवलंबून आहे. १९८४ मधील सुवर्णमंदिरावरील कारवाई आणि त्यानंतरचे शीखविरोधी हत्याकांड यांच्या संतापातून कॅनडातील एका लहानशा गटाने २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ उडवले आणि ३२९ माणसे मारली. त्या संतापात लाखो लोक होते. बॉम्ब बनवणारे मूठभर होते. आपल्या किनाऱ्याला याचा वेगळा अनुभव आहे. बाबरी मशिदीच्या पतनानंतर आणि मुंबईतील दंगलींच्या काळात, जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये, रायगडमधील दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके व शस्त्रे उतरवली गेली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. हे स्फोट म्हणजे अयोध्येतील आणि मुंबईतील घटनांची प्रतिक्रिया असल्याचे त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. पण प्रतिक्रियेला तस्करांची यंत्रणा आणि पैसा मिळाला, आणि वाटेत लाच घेणारे सापडले. पुढे शिक्षा झालेल्यांत कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही होते.

म्हणून पडताळणीत आडनाव किंवा धर्म पाहू नये असे मी म्हणतो, ते केवळ सौजन्य म्हणून नव्हे. सनाच्या पार्सलांवरील घेणाऱ्यांची नावे खोटी होती, आणि शेखाडीचा रस्ता मोकळा करणाऱ्यांत सरकारी ओळखपत्र बाळगणारेही होते. नाव पाहून गाळणी लावणाऱ्याच्या हातून खरा माणूस निसटतो, आणि दाभोळ किंवा हर्णैचा प्रामाणिक कामगार मात्र दुखावून जातो. पडताळणीत पाहायचे ते एवढेच: माणूस म्हणतो तोच आहे का, त्याच्यावर गंभीर गुन्हा आहे का, आणि त्याच्या हातून पेटी गेली याची नोंद आहे का. लोकांच्या मनातील राग दूर करणे हे राज्यकर्त्यांचे आणि समाजाचे काम आहे. गोदामाच्या मालकाच्या अर्जाने ते होत नाही, आणि अर्जाचा तो उद्देशही नाही.

रस्त्यातील चुका

रत्नागिरी ते मुंबई हे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचे अंतर माल रात्रीत कापतो, आणि पॅकहाऊसमध्ये नीट पाळलेली शिस्त इथे मोडते. टेम्पो मुंबईला निघाला की शेजारपाजारचे कोणी चाकरमान्यासाठी एखादी पिशवी चालकाच्या हाती देते, ‘पनवेलला उतरवून घेतील हो’ म्हणून. त्या पिशवीत बहुतेक वेळा फणसाचे गरे किंवा कुळथाचे पीठच असते. तरीही ती घेऊ नये. ‘कनिष्क’ची सुरुवातच अशा एका बॅगेने झाली, जिचा मालक विमानात चढलाच नव्हता, ती बॅग कार्गोची नव्हती, पण कोणाची आहे हे न विचारता ती पुढे जात राहिली. निर्यातीच्या गाडीला कुलूप आणि क्रमांकाचे सील असावे, तो क्रमांक चलनावर लिहावा, चालकाच्या परवान्याची प्रत पॅकहाऊसमध्ये ठेवावी आणि गाडी जेथे थांबेल तेथे ती एकटी सोडू नये. सील तुटले तर तसे आपणहून सांगावे. माल पुन्हा तपासला जाईल, उशीर होईल, पण लपवलेले सील पुढे उघडकीस आले तर एजंट पुन्हा आपला माल घेणार नाही.

काही वस्तू नकळत पेटीत जातात. तापमान नोंदवणाऱ्या छोट्या यंत्रात लिथियमचा सेल असतो. त्याची कल्पना एजंटाला आधी द्यावी. आंबा पिकवण्यासाठी कार्बाइडची पुडी ठेवणे अन्नसुरक्षा कायद्याने निषिद्ध आहेच, शिवाय ओलाव्याने त्यातून ज्वालाग्राही वायू सुटतो, त्यामुळे विमानात तो थेट धोकादायक माल ठरतो. कोकम आगळ पाठवताना गळतीरोधक डबे वापरावेत. दिवाळीच्या फराळासोबत परदेशी असलेल्या नातवंडांसाठी फुलबाज्यांचे एक पाकीट सरकवणारी आजी आजही भेटते. तिला समजावून सांगावे की फुलबाजे हे नियमांच्या भाषेत स्फोटक आहे आणि त्यापायी लाडू-चकल्यांचे संपूर्ण पार्सल अडते.

पूर्वमाहिती तपासल्यावर परदेशातून तीन प्रकारची उत्तरे येऊ शकतात: आणखी माहिती द्या, पुन्हा तपासणी करा, किंवा माल चढवू नका. पहिल्या दोन उत्तरांना काही तासांत प्रतिसाद देता यावा म्हणून निर्यातदाराचा रात्री उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक एजंटाकडे हवा; मुंबईची बरीच आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि त्या वेळी देवगडला सगळे झोपलेले असतात. तिसरे उत्तर आले तर पेटी परत मागू नये, उघडू नये आणि हलवू नये. ती विमान कंपनीच्या आणि विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या ताब्यातच राहू द्यावी आणि आपल्याकडील भरणीची नोंदवही, सीलचा क्रमांक व चालकाचा तपशील त्यांना द्यावा.

मान्यता मिळाल्यावर संचालक बदलला, जागा बदलली किंवा सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस नोकरी सोडून गेला, तर ब्युरोला लगेच कळवावे लागते. प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रांचीही मुदत संपते. ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात मे महिन्याच्या आधी कुठेतरी पडेल असे पाहावे, कारण मे महिन्यात प्रशिक्षणाला माणूस सोडणे पॅकहाऊसला परवडत नाही.