फेंगची की तिआनझू? मानेमागचे दोन पॉइंट, आणि कुठला कधी दाबायचा

अ‍ॅक्युप्रेशर म्हटलं की आपल्याकडे तळपायाचा रंगीत चार्ट नाहीतर काटेरी चप्पल आठवते, पण मान आखडली तर चिनी पद्धतीत हात आधी जातो मानेच्या मागेच. आणि तिथे दोन पॉइंट इतके जवळजवळ आहेत की बरेच जण नाव एकाचं घेतात आणि दाबतात दुसराच. एक फेंगची, म्हणजे चार्टवरचा जीबी २०, आणि दुसरा तिआनझू, म्हणजे बीएल १०.

आधी जागा नीट समजून घ्या, खरा घोळ तिथेच आहे. दोन्ही हात डोक्यामागे बांधा आणि डोकं हातांवर मागे रेटा, मणक्याच्या दोन्ही बाजूंना जाड दोरीसारखे स्नायू ताठ होतील. आता त्या दोरीच्या बाहेरच्या कडेने अंगठा वर सरकवत न्या. कवटीचं हाड लागलं की त्याच्या लगेच खाली, ही दोरी आणि कानामागून गळ्याकडे उतरणारा स्नायू यांच्या मधे एक खड्डा लागतो, अंगठा बरोबर बसतो त्यात, तो फेंगची. तिआनझू त्याच्यापेक्षा थोडा खाली आणि आतल्या बाजूला, दोरीच्या कडेला अगदी चिकटून, मागे केस सुरू होतात तिथून साधारण अर्धा त्सुन वर. त्सुन म्हणजे अंगठ्याच्या सांध्यापाशी जेवढी रुंदी असते तेवढं माप, आणि ज्याची मान त्याचाच अंगठा धरायचा, दाबणाऱ्याचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ पॉइंटच्या जागा ठरवून दिल्या त्याही याच मापात आहेत.

आता कधी कुठला. चिनी वैद्यकात हे दोन वेगवेगळ्या मेरिडियनवर येतात, म्हणजे अंगातून ऊर्जा वाहते असं ते मानतात त्या वाटांवर. फेंगची पित्ताशयाच्या (जीबी म्हणजे गॉलब्लॅडर), जो डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून निघून डोक्याच्या आणि अंगाच्या कडेने पायाच्या चौथ्या बोटापर्यंत जातो. म्हणून मान डावी-उजवीकडे वळत नाही, दुखणं कानशिलापर्यंत चढतं, तेव्हा फेंगची. तिआनझू मूत्राशयाच्या मेरिडियनवर (बीएल म्हणजे ब्लॅडर), तो डोक्यावरून मानेत येऊन मणक्याच्या दोन्ही बाजूंनी पाठ, कंबर, गुडघ्यामागून करंगळीपर्यंत उतरतो, त्यामुळे खाली बघताना किंवा वर बघताना मान ओढते आणि ती ओढ पाठीत उतरते तेव्हा हा. दिवसभर लॅपटॉपमध्ये मान घालून बसणाऱ्यांना मला तरी तिआनझूच आधी सांगावासा वाटतो.

दाबायची दिशाही वेगळी. फेंगचीला अंगठा नाकाच्या शेंड्याच्या रोखाने, तिआनझूला सरळ पुढे. दाब हळूहळू वाढवत मिनिटभर ठेवायचा, गोड दुखलं पाहिजे, कळ नको, आणि चक्कर आली तर लगेच सोडायचं. जोर लावून खोल खुपसायचं नाही, तिथून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी जाते. गळ्याच्या पुढच्या बाजूला तर बोटही लावू नका.

कंबर दुखत असेल तर त्याच मूत्राशयाच्या मेरिडियनवर गुडघ्याच्या मागच्या घडीच्या मधोमध वेइझोंग आहे, बीएल ४०, पाठ-कंबरेसाठी चिनी परंपरेत हा हमखास सांगतात, पण तिथेही हलकाच दाब.

पुराव्याचंही सांगायला हवं. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुयांची मोठी चाचणी झाली, निकाल २००७ मध्ये आले, त्यात खऱ्या पॉइंटवरच्या सुया आणि भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त. ती चाचणी सुयांची होती, अंगठ्याची नाही, तरी जागा अर्धा त्सुन चुकली म्हणून घाबरून जाऊ नका. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टींना: मान आखडली आणि सोबत ताप आहे, पडल्या-आपटल्यानंतर दुखतंय, हातातली ताकद गेलीय, किंवा कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटतोय, तर अंगठा बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.