बुडून तगणारे भात आणि पाण्याबरोबर वाढणारे भात

भाताला पाणी लागते, म्हणून पुराने त्याचे काही बिघडत नसेल, असे पुष्कळांना वाटते. पण खाचरात वीतभर पाणी असणे वेगळे आणि शेंड्यासकट रोप बुडणे वेगळे. पूर्ण बुडालेले साधे भात आठवडाभरात कुजू लागते. काही पारंपरिक वाण मात्र पुरातूनही वाचतात. त्या सगळ्यांना सरसकट ‘पूर सोसणारे भात’ म्हणून आपण मोकळे होतो आणि घोटाळा तिथेच होतो. यात दोन निरनिराळी कुळे आहेत आणि पाणी चढले की ती एकमेकांच्या अगदी उलट वागतात.

पहिल्या कुळातला नामांकित वाण म्हणजे एफआर १३ए. ओडिशातल्या धलपुटिया या जुन्या वाणातून तो निवडला गेला. लोंढा आला आणि रोप दिसेनासे झाले की हे भात वाढच थांबवते. पाण्याखाली उजेड कमी, हवा कमी. अशा वेळी पाने लांबवत बसले तर अंगातला साठा लवकर संपेल, म्हणून ते स्टार्च जपून वापरते आणि पाणी ओसरायची वाट पाहते. असे ते दोन आठवड्यांपर्यंत काढू शकते. पाणी उतरल्यावर हात लावून बघा: साध्या रोपाचा बुंधा दाबला की पिचपिचीत लागतो, याचा घट्ट असतो. पाने चिखलाने माखून लोळलेली असतात खरी, पण काही दिवसांत मधून नवा हिरवा पोंगा वर येतो.

दुसरे कूळ म्हणजे आसामचे बाओ धान, बांगलादेशातले बोना आमन. तिथे पूर येतो तो महिनोन् महिने मुक्कामाला, त्यामुळे थांबून भागत नाही. हे भात पुराआधी कोरड्या जमिनीत पेरतात. पाणी चढू लागले की त्याची कांडी भराभर लांबतात, काही वाणांत दिवसाला २० ते २५ सेंटिमीटर. शेंड्याची पाने पाण्यावर राहतात, तिथली हवा पोकळ खोडातून खाली पोचते आणि वरच्या पेरांनाही पाण्यातच मुळ्या फुटतात. उतारा बेताचाच मिळतो, पण त्या हंगामात त्या जमिनीत दुसरे काही उभेच राहत नाही.

मला सगळ्यात नवल वाटते ते याचे, की दोघांना मिळणारा इशारा एकच असतो. प्रत्येक रोप इथिलीन नावाचा वायू थोडा थोडा तयार करत असते. एरवी तो हवेत निघून जातो. पाण्यात वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतात, म्हणून बुडालेल्या रोपात तो कोंडतो. एफआर १३ए मध्ये त्याने सब१ए हे जनुक जागे होते आणि जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला लगाम बसतो. बाओसारख्या भातांत त्याच इथिलीनने स्नॉर्कल१ आणि स्नॉर्कल२ ही जनुके जागी होतात आणि कांडी लांबू लागतात. सब१एची ओळख २००६ मध्ये पटली, स्नॉर्कलची २००९ मध्ये जपानी संशोधकांना. ही तिन्ही जनुके एकाच घराण्यातली आहेत. आणखी एक गोष्ट २०१८ मध्ये कळली. हरितक्रांतीचे भात एसडी१ या जनुकातल्या बिघाडामुळे बुटके झाले, आणि खोल पाण्यातले भात उंच होते ते त्याच जनुकाच्या जोरावर.

नावातली गल्लत शेतकऱ्याचा हंगाम बुडवू शकते. सब१ए घातलेला स्वर्णा-सब१ भारतात २००९ पासून आहे आणि आठ-दहा दिवसांच्या बुडीत तो खरोखर पीक वाचवतो. पण तोच वाण अर्धा मीटर पाणी महिनोन् महिने साचणाऱ्या शेतात लावला, तर बुटकाच राहतो, फुटवे कमी धरतो आणि उतारा घटतो. उलट, अचानक येऊन लवकर ओसरणाऱ्या पुरात लांबणारे भात असेल, तर ते साठा खर्चून बारीक, उंच होते आणि पाण्याचा आधार जाताच आडवे पडते. म्हणून बियाणे देताना ‘पूर येतो का?’ एवढे विचारून भागत नाही. पाणी किती चढते आणि किती दिवस राहते, हे विचारायलाच हवे.

मग हंगामाच्या शेवटी पाणी उतरल्यावर बाओ पडत नाही का? पडते, काही मीटर लांबीचे खोड जमिनीवर लोळते. पण शेंड्याकडचा भाग पेरातून गुडघ्यासारखा वाकून पुन्हा सरळ वर उठतो आणि लोंब्या चिखलापासून वर राहतात. कापणी होते ती त्याच लोंब्यांची.