जिल्हा सरकारी वकील (पुणे) : नेमणूक आणि दुहेरी काम

जिल्ह्यात राज्य सरकारची बाजू कोर्टात मांडणारा मुख्य वकील. शिवाजीनगर कोर्टात कुणी त्यांना जीपी म्हणतं, कुणी पीपी, आणि दोन्ही बरोबरच आहे, कारण दिवाणी दाव्यातला गव्हर्नमेंट प्लीडर आणि सेशन्स खटल्यातला पब्लिक प्रॉसिक्युटर ही कायद्याने वेगळी असलेली दोन पदं महाराष्ट्रात जिल्हा पातळीवर सहसा एकाच माणसाकडे असतात.

पदाच्या उगमाबद्दल दोन मतं दिसतात. पेशवाईच्या कागदांत 'वकील' भरपूर सापडतो, दिल्लीत पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे घराणं तर प्रसिद्धच, त्यामुळे काहीजण ही परंपरा थेट शनिवारवाड्यापर्यंत नेतात. पण तो वकील दरबारात धन्यासाठी बोलणी करणारा, न्यायाधीशापुढे उभा राहणारा नव्हे. म्हणजे शब्द जुना, पद मात्र साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, १८६१ च्या फौजदारी संहितेनंतर हळूहळू आकाराला आलेलं, असं धरणं जास्त पटतं. १८९८ च्या संहितेत कलम ४९२ पब्लिक प्रॉसिक्युटरच्या नेमणुकीचं आहे, गव्हर्नमेंट प्लीडरची व्याख्या मात्र १९०८ च्या दिवाणी संहितेत. दोन मुळं वेगळी आहेत ती अशी.

नेमणूक : १९७३ च्या फौजदारी संहितेचं (लागू १ एप्रिल १९७४) कलम २४ सांगायचं की जिल्हाधिकाऱ्यांनी सेशन्स जजशी सल्लामसलत करून नावांचं पॅनेल करायचं आणि वकिलीची किमान ७ वर्षं हवीत. महाराष्ट्राने १९८१ मध्ये दुरुस्ती करून सेशन्स जजच्या सल्ल्याऐवजी राज्य सरकारची मंजुरी घातली, हायकोर्टातल्या सरकारी वकिलांच्या नेमणुकीतला हायकोर्टाचा सल्लाही काढला. हे नुकसानीचं होतं, कारण कोण साक्षीदार नीट तपासतो आणि कोण नुसत्या तारखा घेतो हे जिल्ह्यात सगळ्यात जवळून त्या जजलाच दिसतं. सुप्रीम कोर्टाने १९९० च्या श्रीलेखा विद्यार्थी प्रकरणात उत्तर प्रदेशातले जिल्हा सरकारी वकील सरसकट काढणं मनमानी ठरवलं, २००४ च्या जोहरी मल निकालात मात्र अशा नेमणुकांत कोर्टाने फार शिरू नये असं म्हटलं, पण जिल्हा न्यायाधीशांच्या सल्ल्याची जुनी पद्धत महत्त्वाची मानली. १९७३ च्या संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये दोन्ही सल्ले पुन्हा लिहिलेले आहेत.

दुहेरी काम : जामीन अर्ज आला की कोर्ट सरकारी बाजूचा 'से', म्हणजे म्हणणं, मागतं. कोर्ट पैरवीचा (पोलिसांची कोर्टातली कामं बघणारा) हवालदार तपास अधिकाऱ्याचा लेखी से घेऊन येतो, सरकारी वकील तो वाचून आपलं म्हणणं मांडतात, आणि मग तेच साहेब फाईल बदलून भूसंपादनाच्या प्रकरणात उभे राहतात. दिवाणीत सरकार त्यांचं पक्षकार, सांगेल तसं बोलायचं. फौजदारीत ते पोलिसांचे वकील नाहीत, तपास यंत्रणेचा भाग नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९९४ च्या हितेंद्र विष्णू ठाकूर निकालात सांगितलंय. एकाच माणसाने एकीकडे हुकूम ऐकायचा आणि दुसरीकडे स्वतःच्या बुद्धीने चालायचं, तेही मुदतीच्या नेमणुकीवर, ही खरी अडचण, आणि दोन पदं वेगळ्या माणसांकडे दिल्याशिवाय ती सुटेल असं वाटत नाही.

सुधारणा : खालच्या कोर्टांत थोडी झाली. मॅजिस्ट्रेट कोर्टातले सरकारी वकील महाराष्ट्रात पोलीस खात्याखाली होते, ते वेगळे करा असं १९९५ च्या शहाणे प्रकरणात सांगितलं गेलं. २००५ च्या दुरुस्तीने अभियोग संचालनालयाची (फौजदारी खटले चालवणाऱ्या सरकारी वकिलांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाची) तरतूद आली, नव्या संहितेत ती कलम २० मध्ये आहे, संचालकाला १५ वर्षांची वकिली हवी किंवा तो सेशन्स जज असावा वा राहिलेला असावा.

वरच्या पातळीवर केंद्राचे महान्यायवादी (ॲटर्नी जनरल, राज्यघटनेचा अनुच्छेद ७६) आणि राज्याचे महाधिवक्ता (ॲडव्होकेट जनरल, अनुच्छेद १६५) इंग्लंडच्या ॲटर्नी जनरलसारखे मंत्री नसतात. मंत्रालयात मात्र विधी व न्याय विभागाचा प्रधान सचिव आणि विधि परामर्शी (सरकारला कायद्याचा सल्ला देणारा) ही दोन कामं एकाच अधिकाऱ्याकडे असतात.

खटला मागे घेणं (आता कलम ३६०) हाही सरकारी वकिलांचाच निर्णय, कोर्टाची संमती लागते, आणि नव्या संहितेत पीडिताला ऐकून घेतल्याशिवाय ती देता येत नाही.