टेंभुर्णी (तेंदू)

टेंभुर्णी हा एबेनेसी कुलातील मध्यम उंचीचा पानझडी वृक्ष भारतीय द्वीपकल्पाच्या कोरड्या जंगलांत व श्रीलंकेत आढळतो. शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. टेंभरू, टेंबुर्णी, तुमरी अशी त्याची नावे प्रदेशागणिक बदलतात. व्यापारात आणि सरकारी कागदपत्रांत मात्र हिंदी ‘तेंदू’ हेच नाव रूढ आहे. ओडिशात त्याला केंदू, तर आंध्र व तेलंगणात तुनिकी म्हणतात. काळ्या लाकडासाठी प्रसिद्ध असलेला आबनूस आणि बाजारात मिळणारे पर्सिमॉन हे फळ याच डायोस्पायरॉस प्रजातीत मोडतात. या प्रजातीत ५०० पेक्षा जास्त जाती असून बहुतेक उष्ण प्रदेशांतील आहेत. सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी आणि त्याच नावाची इतर गावे या झाडावरूनच ओळखली जाऊ लागली असावीत.

वर्णन : अनुकूल जागी झाड १५ मी. किंवा त्याहून उंच होते; उथळ, मुरमाड जमिनीवर ते झुडूपच राहते. साल जाड, करडी-काळी असून तिला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि ती मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची दिसते. पाने चिवट व चामड्यासारखी असून कोवळेपणी दोन्ही बाजूंनी लवदार असतात. जून पानाची लव बहुतेक खालच्या बाजूलाच टिकते. नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. नर फुले लहान झुबक्यांत, तर मादी फुले एकेकटी असतात. उन्हाळ्यात नव्या पालवीबरोबर फुलोरा येतो. फळ पक्व व्हायला जवळजवळ वर्ष लागते, त्यामुळे मादी झाडावर गेल्या वर्षीची पिकू लागलेली फळे आणि या वर्षीची फुले एकाच सुमारास दिसू शकतात. फळ पिवळे, गोल ते लंबगोल असून देठाशी पुष्पकोश तसाच चिकटून राहतो. आतला गर मऊ व गोड असतो. त्यात तपकिरी, चपट्या, चकचकीत बिया असतात. कच्चे फळ जिभेला अतिशय तुरट लागते.

वर्गीकरण : मेलॅनोझायलॉन ही जाती विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथात वर्णिली. उत्तरेकडील अधिक लवदार झाडांना त्यांनीच पुढे टोमेंटोझा हे वेगळे नाव दिले. तेच नाव दुसऱ्या एका जातीला आधी दिले गेले असल्याने ते नियमांत बसत नाही, म्हणून काही लेखक त्याऐवजी एक्सकल्प्टा हे नाव वापरतात. या दोन स्वतंत्र जाती की एकच, याविषयी एकमत नाही. जुन्या वनस्पतिसूचींत त्या वेगळ्या मांडलेल्या आढळतात. वनशास्त्रीय ग्रंथांचा कल त्या एकत्र धरण्याकडे दिसतो. लवेची दाटी, पानाची रुंदी आणि टोकाचा आकार हे भेद प्रामुख्याने पुढे केले जातात. पण एकाच रानात, इतकेच नव्हे तर एकाच बुंध्यावरून छाटणीनंतर फुटलेल्या फांदीवर आणि जुन्या फांदीवर हे भेद आढळतात. त्यामुळे एकच बदलशील जाती मानणे अधिक सयुक्तिक वाटते. या नोंदीत तसेच धरले आहे.

तिंदुक कोणता? : संस्कृत ग्रंथांतील ‘तिंदुक’ म्हणजे टेंभुर्णी, असे सरसकट लिहिले जाते. चरकसंहितेत उदर्दप्रशमन गणात (औषधींच्या गटात) तिंदुक येतो, सुश्रुतसंहितेत न्यग्रोधादी गणात तिंदुकी येते. आयुर्वेदाचे आधुनिक निघंटुकार मात्र तिंदुकाचे समीकरण बहुधा डायोस्पायरॉस मलबारिका (जुने नाव पेरेग्रिना) या नदीनाल्यांकाठच्या सदाहरित झाडाशी लावतात. अमरकोशात तिंदुकाला कालस्कंध (काळ्या खोडाचा) आणि शितिसारक (काळ्या साराचा) हे पर्याय दिले आहेत. काळे खोड दोन्ही झाडांचे म्हणता येईल. काळे सार, म्हणजे गाभ्याचे लाकूड, हे लक्षण मेलॅनोझायलॉनला अधिक लागू पडते. आयुर्वेदीय मापनपद्धतीत तिंदुक हे कर्ष या मापाचेही नाव आहे. कर्ष सु. १२ ग्रॅ. धरला, तर मलबारिकाच्या मोठ्या फळापेक्षा टेंभुर्णीचे फळ या वजनाच्या जवळ येते. या युक्तिवादाला मर्यादा आहे, कारण अक्ष (बेहडा) आणि उदुंबर हीसुद्धा त्याच मापाची नावे आहेत आणि ही फळे काही एका वजनाची नसतात. कदाचित तिंदुक हे नाव दोन्ही झाडांना प्रदेशानुसार लावले जात असावे. विषतिंदुक म्हणजे काजरा (कुचला) हे झाड मात्र सर्वस्वी वेगळ्या कुलातील असून त्याचे बी विषारी असते.

प्राचीन आबनूस व्यापार : इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात बॅरिगाझा (भडोच) येथून इराणी आखातातील बंदरांकडे जाणाऱ्या मालात सागवानाबरोबर आबनुसाचे ओंडकेही सांगितले आहेत. हे लाकूड कोणत्या झाडाचे, हा प्रश्न अनिर्णित आहे. अस्सल आबनूस, म्हणजे डायोस्पायरॉस एबेनम, हे दक्षिण भारत व श्रीलंकेचे झाड आहे. ते भडोचच्या पाठीमागच्या नर्मदा-तापी खोऱ्यांत नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तेथे विपुल आहे ती टेंभुर्णी. माल दक्षिणेतून किनाऱ्याने भडोचला येऊन पुढे गेला असणे अशक्य नाही, पण जवळच्या जंगलातले काळे लाकूड सोडून दूरचे आणण्याचे कारण शोधावे लागेल. रोमन कवी व्हर्जिलने काळा आबनूस फक्त भारतात होतो असे म्हटले आहे. ते बरोबर नव्हे. ग्रीक इतिहासकार हेरॉडोटसने इथिओपियाकडून इराणला जाणाऱ्या नजराण्यात आबनूस नोंदवला असून रोमन लेखक प्लिनीनेही ही विसंगती दाखवली आहे. प्राचीन ईजिप्तमधील ‘आबनुसा’चे नमुने तपासले असता ते बहुतांशी आफ्रिकेतील डालबर्जिया मेलॅनोझायलॉन या शिसवीच्या नातलगाचे निघाले. या झाडाच्या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द टेंभुर्णीसारखाच असल्याने लोकप्रिय लेखनात दोन्हींची गल्लत होते.

लाकूड : टेंभुर्णीचे बाहेरचे लाकूड फिकट गुलाबी-तपकिरी असते, काळा असतो तो गाभा. हा गाभा किती जाड असेल याचा बाहेरून अंदाज लागत नाही. मोठ्या घेराच्या झाडात तो मनगटाएवढा निघतो, तर कधी वेडावाकडा, तुटक पट्ट्यांचाच मिळतो. लाकडातील पेशींच्या पोकळ्या राळेसारख्या गडद द्रव्याने भरून काळेपणा येतो, एवढे निश्चित आहे. या प्रजातीच्या लाकडात व मुळांत नॅप्थोक्विनोन वर्गातील संयुगे मिळतात आणि त्यांचा या रंगाशी संबंध जोडला जातो. ती साठण्याचे कारण वय की जखम, याबद्दल मतभेद आहेत. आगीने भाजलेल्या, फांद्या तोडलेल्या किंवा किडीने पोखरलेल्या भागाभोवती काळा पट्टा अधिक आढळतो. निव्वळ वयाने गाभा वाढत असता तर त्याचा आकार इतका अनियमित नसता. म्हणून जखमेच्या बाजूने पुरावा अधिक दिसतो.

वाळताना लाकडाला टोकांकडून चिरा पडतात. म्हणून तोडण्यापूर्वी उभ्या झाडाची साल बुंध्याशी कड्यासारखी काढून ते जागीच सुकू देण्याची पद्धत होती. काळ्या लाकडावर कोरीवकाम, कंगवे, काठ्या व पेट्या होत. उत्तर प्रदेशातील नगीना हे गाव या कामासाठी नावाजलेले आहे, पण आता तेथे शिसवी व इतर लाकडे अधिक वापरात आहेत. बाहेरचे फिकट लाकूड चिवट व लवचिक असल्याने कावडीचे दांडे, अवजारांचे दांडे व गाड्यांचे भाग यांसाठी जाते.

परिस्थितिविज्ञान : साग, सालई, मोह, चार (चारोळी) व पळस यांच्या सोबतीने टेंभुर्णी वाढते. रोपाचे सोटमूळ खोल जाते, पण जमिनीवरची वाढ फार सावकाश असते. बियांपेक्षा मुळांवरून येणाऱ्या फुटव्यांनी ती जास्त पसरते. जनावरे तिच्या वाटेला फारशी जात नाहीत. वणव्याने वरचा भाग जळाला तरी खालून पुन्हा फूट येते, त्यामुळे पडीक शेताच्या बांधावरही तिची झुडपे हटत नाहीत. फुटव्यांचा एक मोठा पट्टा पुष्कळदा एकाच झाडाचा विस्तार असतो. अशा पट्ट्यातील सगळी झुडपे एकाच लिंगाची असणार, आणि ती नर असतील तर तेथे फळ मिळणार नाही. पिकलेली फळे अस्वल, वानर, वटवाघळे व अनेक पक्षी खातात. अस्वलाच्या विष्ठेत उन्हाळ्यात या बिया सहज सापडतात आणि बीजप्रसारात त्याचा वाटा मोठा मानला जातो. विदर्भात ही फळे ‘टेंभरं’ म्हणून आठवडी बाजारात येतात. पिकल्यावर ती फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे दूरच्या बाजारात त्यांना स्थान नाही.

तेंदूपत्ता : झाडाचे आजचे आर्थिक महत्त्व जवळजवळ संपूर्णपणे पानावर आहे. विडी वळण्यास लागणारे गुण या पानात एकत्र आढळतात. ते रुंद व लवचिक असते, वळताना फाटत नाही आणि वाळल्यावर लवकर कुजत नाही. पूर्वी आपट्याचे पानही विडीला वापरीत आणि काही ठिकाणी अजूनही वापरतात. विडीचा उगम बहुधा गुजरातेतील तंबाखू पिकवणाऱ्या भागात झाला. तेंदूच्या पानाची विडी मध्य भारतात पसरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्याच्या आरंभी. त्या प्रदेशातील लोहमार्गांमुळे तिला चालना मिळाली, असे सांगतात. गोंदिया, कामठी, सिन्नर, संगमनेर व सोलापूर ही महाराष्ट्रातील विडीची केंद्रे झाली. वळण्याचे काम मुख्यतः स्त्रिया घरी बसून करतात.

हंगामापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, झुडपे जमिनीलगत छाटतात. याला खुटकटाई म्हणतात. सु. ४०–४५ दिवसांनी एकसारखी, मोठी व निरोगी पाने येतात. मेमध्ये घरातली माणसे पहाटेच रानात जाऊन पाने खुडतात, दुपारी सावलीत बसून ती मोजून एकावर एक रचतात आणि सालीच्या वाखाने पुडे बांधतात. महाराष्ट्रात पुडा ७० पानांचा धरतात आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. मध्य प्रदेशात पुडा ५० पानांचा असतो, म्हणून दोन राज्यांच्या गोणीचे दर थेट ताडून पाहता येत नाहीत. पुडे संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) मोजून देतात, तेथे ते उन्हात ओळीने मांडून उलटपालट करीत वाळवतात. या दिवसांत अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या तर पाने डागाळतात आणि भाव पडतो. चंद्रपूर जिल्ह्यात पाने खुडताना वाघाच्या हल्ल्यांच्या घटनाही याच काळात घडतात.

मध्य प्रदेशाने १९६४ मध्ये व महाराष्ट्राने १९६९ च्या अधिनियमाने हा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. जंगलाचे घटक पाडून त्यांची विक्री करण्याची पद्धत रूढ झाली. १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीचा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर (इमारती लाकूड सोडून इतर वनोत्पन्नावर) ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. दुसऱ्या कायद्याच्या व्याख्येत तेंदूपानाचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यानंतर गडचिरोली व गोंदियातील अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करू लागल्या.

पानाचे अर्थकारण झाडाला झुडपाच्या उंचीवर ठेवते, आणि दरवर्षी छाटलेल्या झुडपाला फळ धरत नाही व गाभाही बनत नाही. चांगल्या फुटीसाठी रान पेटवण्याची खोड त्यात भर घालते. वास्तविक छाटणीने जे साधते त्यासाठी आगीची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने न तोडण्याचे ठरवले. तोडणीने झाडांची हानी होते, आगी लागतात आणि फळे बुडतात, अशी कारणे त्यामागे होती. हा अपवाद आहे. बहुतेक गावांना पावसाळ्यापूर्वीचा रोख पैसा याच पानातून मिळतो.

जवळच्या जाती : मलबारिकाच्या कच्च्या फळाचा चिकट, टॅनिनयुक्त रस बंगालमध्ये (तेथील नाव गाब) मासेमारीच्या जाळ्यांना व होड्यांच्या तळांना टिकाऊपणासाठी लावीत. जपानमध्ये पर्सिमॉनच्या तुरट रसाचा कागदावर व कापडावर असाच उपयोग होतो. पर्सिमॉन, म्हणजे डायोस्पायरॉस काकी, मूळचे पूर्व आशियातील आहे. भारतात त्याची लागवड हिमाचल प्रदेश व काश्मीर भागात होते. उत्तरेकडील फळवाले त्याला जपानी फळ किंवा रामफळ म्हणतात. महाराष्ट्रातील रामफळ हे सीताफळाच्या प्रजातीतील असून त्याचा याच्याशी संबंध नाही. पर्सिमॉनचे काही प्रकार टणक असतानाच खाता येतात. बाकीचे पूर्ण मऊ होईपर्यंत तुरट राहतात, कारण पिकताना फळातील विद्राव्य टॅनिन अविद्राव्य झाल्यावरच ते जिभेला जाणवेनासे होते.