पैसे भरण्याची पद्धत बदलल्यानंतर ॲपमधील वर्गणी अडली तर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या ध्वनिपुस्तकांच्या ॲपची वर्गणी भरताना व्यवहार अयशस्वी झाल्याच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतील बऱ्याच तक्रारींची सुरुवात सारखीच असते : इतके दिवस सारे सुरळीत होते, मध्ये फक्त कार्ड बदलले, किंवा कार्डाऐवजी यूपीआय जोडले. ‘फक्त’ या शब्दातच खरी अडचण आहे. पैसे भरण्याची पद्धत बदलली की जुन्या पद्धतीसाठी आपण दिलेली परवानगी नव्या पद्धतीला आपोआप लागू होत नाही. ती नव्याने द्यावी लागते, आणि ती देताना एखादी पायरी राहून गेली की व्यवहार अडतो.

सर्वांत आधी एक विनंती. पडद्यावर ‘व्यवहार अयशस्वी’ असे दिसले तरी लगेच पुन्हा पैसे भरू नयेत. बँकेचा संदेश किंवा खात्याचा उतारा पाहून पैसे खरोखर वजा झाले आहेत का, याची खात्री करावी. पैसे वजा झाले असतील किंवा व्यवहार ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर दुसरा प्रयत्न केल्याने एकाच महिन्याची वर्गणी दोनदा जाण्याचा धोका असतो, आणि मग परताव्याचे काम दुप्पट होते. पैसे गेलेच नसतील, तर पुढील मजकूर आपल्यासाठी आहे.

नवे कार्ड

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून कोणत्याही विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक आपल्याकडे साठवता येत नाही; त्याऐवजी प्रत्येक कार्डासाठी एक टोकन, म्हणजे कार्ड क्रमांकाच्या जागी वापरायचा सांकेतिक क्रमांक, तयार होते. मुदत संपल्याने किंवा हरवल्याने कार्ड बदलून मिळाले, तर जुन्या टोकनावर विसंबून न राहता नवे कार्ड प्ले स्टोअरमध्ये (अँड्रॉइड फोनवर वर्गणीचे पैसे तेच स्वीकारते) पुन्हा जोडावे आणि त्या वेळी येणारा ओटीपी भरून संमती द्यावी. ठरावीक काळाने आपोआप वजा होणाऱ्या रकमेसाठी, म्हणजे ज्याला बँका ई-मँडेट म्हणतात त्यासाठी, ही पहिली संमती अनिवार्य आहे. तिच्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या नियमित वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही. मात्र रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तशी सूचना पाठवणे बंधनकारक आहे. या सूचनेतच व्यवहार नाकारण्याची सोय असते, आणि जाहिरातींच्या गर्दीत तो संदेश नीट न वाचता ग्राहकाने स्वतःच नकार दिल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत.

याहूनही अधिक वेळा आढळणारे कारण वेगळेच आहे. २०२० पासून नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला केवळ भारतातील एटीएम आणि दुकानांतील स्वाइप यंत्रांवर चालते. ऑनलाइन वापर बंद असतो आणि तो ग्राहकाने स्वतः चालू करायचा असतो. त्यामुळे सकाळी किराणा दुकानात चाललेले कार्ड संध्याकाळी ॲपमध्ये नाकारले जाते, आणि दोष आमच्या ॲपचा वाटतो. बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये ‘कार्ड नियंत्रण’ अशा अर्थाचा जो विभाग असतो, तेथे ऑनलाइन व्यवहार चालू करावेत आणि त्याखालील मर्यादा शून्यावर तर नाही ना, हेही पाहावे. खटका चालू आणि मर्यादा शून्य, अशा अवस्थेत आठवडाभर हेलपाटे घालणारे ग्राहक आम्हाला भेटले आहेत.

कार्डाऐवजी यूपीआय

मासिक वर्गणीसाठी यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयमधून आपोआप रक्कम वजा होण्याची पद्धत आम्हाला अधिक सोयीची वाटते, कारण मँडेट (रक्कम वजा करण्याची परवानगी) तयार करताना एकदाच पिन द्यावा लागतो आणि आपण कोणाकोणाला परवानगी दिली आहे, हे यूपीआय ॲपच्या ऑटोपे विभागात एका जागी दिसते. मात्र तेथेही काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मँडेट ज्या बँक खात्यावर तयार केले, त्याच खात्यातून पैसे जातात. यूपीआय ॲपमध्ये नंतर मुख्य खाते बदलले म्हणून मँडेट त्या खात्यावर सरकत नाही. नोकरी बदलल्यावर पगाराचे जुने खाते रिकामे राहते आणि वर्गणी त्याच रिकाम्या खात्यावर धडका देत राहते, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की दूरध्वनीवर आमचा पहिला प्रश्न आता तोच असतो.

वेळेबाबतही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. १ ऑगस्ट २०२५ पासून ऑटोपेचे व्यवहार गर्दी नसलेल्या वेळीच, म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५ या काळात किंवा रात्री साडेनऊनंतर केले जातात. म्हणून वर्गणीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता रक्कम वजा झालेली नसली, तर व्यवहार फसला असे समजू नये; खात्यात पुरेशी शिल्लक ठेवून दिवस संपेपर्यंत वाट पाहावी.

आयफोन, कुटुंबाचे खाते आणि परदेशातील ग्राहक

ॲपलने २०२२ मध्ये भारतातील बँकांची कार्डे स्वीकारणे थांबवले, तेव्हा आमच्या अनेक आयफोनधारक ग्राहकांना यूपीआय, नेट बँकिंग किंवा ॲपल खात्यातील शिल्लक यांकडे वळावे लागले. सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर दाबल्यावर पेमेंटचा विभाग उघडतो. नवी पद्धत तेथे जोडावी. आधीची एखादी रक्कम थकलेली असेल, तर ती भरेपर्यंत पुढील खरेदी होत नाही. कुटुंबासाठी सामायिक खरेदी चालू असेल, तर पैसे कुटुंबप्रमुखाच्या खात्यातून जातात. अशा वेळी मुलीने स्वतःच्या फोनवर कितीही वेळा यूपीआय जोडले, तरी वडिलांच्या फोनवरील पद्धत बदलल्याशिवाय उपयोग होत नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या आमच्या मराठी ग्राहकांनी प्ले स्टोअरचा देश तपासावा. देश भारत असताना दुबईतील किंवा लंडनमधील बँकेचे कार्ड जोडू पाहिले, तर ते नाकारले जाऊ शकते. देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातील प्ले शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही; म्हणून काही महिन्यांच्या मुक्कामासाठी देश बदलू नये, असे आमचे मत आहे.

फोनवर दोन ईमेल खाती असतील, तर वर्गणी कोणत्या खात्यावर घेतली होती, हेही पाहावे. आणि ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती स्टोअरच्या वर्गणी विभागातून रद्द करावी लागते.

पैसे वजा झाले, वर्गणी मात्र सुरू नाही

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम गेली आणि विक्रेत्याकडे पैसे मिळाल्याची निश्चिती पोहोचली नाही, तर ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई देय असते. यूपीआय व्यवहाराची ओळख पटवणारा १२ अंकी यूटीआर क्रमांक जपून ठेवावा आणि आधी यूपीआय ॲपमध्ये किंवा बँकेत तक्रार नोंदवावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा क्रमांक आहे.

या काळात इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर कृपया विश्वास ठेवू नये. परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पिन मागणारा माणूस पैसे देत नसून नेत असतो. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

आम्हाला काय कळवावे

वर्गणीचे पैसे स्टोअर स्वीकारते, आम्ही नव्हे. त्यामुळे आपले कार्ड किंवा बँक खाते आम्हाला दिसत नाही. आम्हाला लिहिताना व्यवहाराची तारीख, पडद्यावरील संदेशाचे नेमके शब्द आणि अँड्रॉइड फोन असल्यास पावतीवरील ‘जीपीए’ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक कळवावा. कार्डाचा क्रमांक, सीव्हीव्ही किंवा ओटीपी पाठवू नये. तो आलाच, तर आम्ही तो संदेश पुसून टाकतो आणि आपल्याला तसे कळवतो. वर्गणी काही दिवस खंडित राहिली, तरी पुस्तक जेथपर्यंत ऐकून झाले आहे ती खूण आपल्या खात्यात कायम राहते.