मुंबईचे मैदानी क्रिकेट क्लब

हौशी खेळाडूंनी वर्गणी काढून चालवलेली मुंबईतील क्रिकेट मंडळे. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, दादरचे शिवाजी पार्क आणि माटुंग्याची मैदाने ही त्यांची मुख्य ठिकाणे. यांतल्या बहुतेकांकडे स्वतःच्या मालकीचे मैदान नसते. एक खेळपट्टी, कडेला तंबू, तंबूत सामानाची पेटी, रोलर आणि माळी एवढ्यावर क्लब उभा राहतो. म्हणून या क्लबांचा इतिहास बराचसा जागेचा इतिहास आहे: खेळायला जमीन कुणाला मिळाली, तंबूत कुणाला घेतले आणि बाहेर कुणाला ठेवले.

सुरुवात पारशांनी केली. 1848 मध्ये स्थापन झालेला ओरिएंटल क्रिकेट क्लब हा भारतीयांचा पहिला क्रिकेट क्लब मानतात. तो फार टिकला नाही, पण 1850 मध्ये झोरोस्ट्रियन क्लब निघाला आणि पुढच्या दोन दशकांत पारशी क्लबांचे पेवच फुटले. त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. काही ज्युपिटर, मार्स अशी रोमन देवांची, तर काही एल्फिन्स्टन, रिपन अशी साहेबांची. हिंदूंचा बॉम्बे युनियन हा क्लब 1866 चा. त्यानंतरच्या हिंदू क्लबांनी मात्र आपापली जात आणि प्रांत पाटीवर लिहिला: गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती युनियन. देव आणि लाटसाहेब परके असले तरी चालत, शेजारचा खेळाडू मात्र आपल्यातलाच हवा, असा तो काळ होता.

खेळायचे कुठे, हा प्रश्न लवकरच पेटला. किल्ल्यासमोरच्या मोकळ्या मैदानात युरोपियनांची बॉम्बे जिमखाना 1875 पासून होती आणि तिची स्वतःची राखलेली हिरवळ होती. उरलेल्या जमिनीवर एतद्देशीय पोरे खेळत. पण युरोपियन मंडळी पोलो खेळायला त्याच जमिनीवर घोडे आणत. घोड्यांच्या टापांनी उखडलेल्या मातीवर टप्पा पडलेला चेंडू कधी घोट्यापाशी सरपटे, तर कधी हनुवटीवर येई. 1880 च्या दशकाच्या आरंभी पारशी आणि हिंदू खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले. पोलो काही काळ कूपरेजकडे हलवला गेला आणि परतही आला. या लढ्याची हकिगत शापूरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. पुढे सरकारने समुद्रकाठी भराव घातलेली जमीन जमातवार दिली, आणि आजच्या मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने शेजारी शेजारी उभे राहिले. तोडगा निघाला, पण तो धर्मावर वाटणी करूनच.

याच काळातला सर्वांत बोलका माणूस म्हणजे पाळवणकर बाळू. चांभार कुटुंबातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना 3 रुपयांवर खेळपट्टी झाडण्या-लोटण्याचे काम करी, मग युरोपियनांच्या पूना क्लबात 4 रुपयांवर. तिथे तो जाळी लावी, रोलर ओढी आणि कॅप्टन ग्रेग यांना तासन्‌तास गोलंदाजी करी. फलंदाजी मात्र त्याला कधी दिली नाही. हिंदू क्लबाने संघात घेतल्यावरही चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यातून. बाळू 1896 मध्ये मुंबईला आला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. अखिल भारतीय संघाच्या 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. धाकटा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये मुंबईच्या जमातवार चौरंगी स्पर्धेतल्या हिंदू संघाचा कप्तान झाला. ज्याला पट्टी लोटायला ठेवले त्याच्याच बोटांवर संघ तरला, एवढे तरी नोंदवायलाच हवे.

त्याच 1911 च्या संघात डॉ. होरमसजी कांगा होते. त्यांच्या स्मरणार्थ 1948 मध्ये कांगा लीग सुरू झाली आणि क्लब क्रिकेटला कणा मिळाला. ही स्पर्धा ऐन पावसाळ्यात, रविवारी खेळवली जाई. खेळपट्टी उघडी, आउटफील्डला गुडघाभर गवत. जमिनीवरून मारलेला चेंडू गवतात जिरतो, म्हणून फलंदाज उचलून मारतात आणि झेल देतात. सकाळी कप्तान पट्टीत अंगठा रुतवून पाहतो, माळी भुसा टाकतो, गोलंदाज चेंडू पुसायला फडके शोधतो. शेजारच्या सामन्याचा फाइन लेगचा क्षेत्ररक्षक आपल्या पॉइंटच्या क्षेत्ररक्षकाच्या पाठीला पाठ लावून उभा. तिकडून ‘बॉल!’ अशी हाक आली की दोघेही डोके झाकतात. एका दिवसात सामना उरकायचा, म्हणून निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर ठरतो आणि तिच्यावरून भांडणे होतात. अशा पट्टीवर तग धरणारा फलंदाज कुठेही धरेल, ही मुंबईकरांची श्रद्धा. ‘खडूस’ या शब्दाला इथे मान आहे, त्याचे मूळ थोडेफार याच चिखलात असावे.

क्लबांच्या चुरशीत दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांची जोडी सर्वांत गाजली. दादर युनियनकडे माधव मंत्री, त्यांचा भाचा सुनील गावसकर, नरेन ताम्हणे, दिलीप वेंगसरकर. शिस्तीसाठी या क्लबाचा लौकिक होता आणि कप्तान वासू परांजपे यांनीच गावसकरांना ‘सनी’ हे नाव दिले. शिवाजी पार्ककडे विजय मांजरेकर, रमाकांत देसाई, संदीप पाटील आणि पद्माकर शिवलकर. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले, कसोटी एकही खेळले नाहीत. कसोटीपटू आणि कारकून एकाच तंबूत बूट बांधत.

क्लब पैसे देत नसे. पोटापाण्याची सोय बँका आणि कंपन्यांच्या नोकऱ्यांवर होई. आठवडाभर ऑफिसचा संघ, टाइम्स शील्ड या ऑफिस-संघांच्या स्पर्धेचे सामने, रविवारी क्लब. सेक्रेटरी हा या यंत्रणेचा खरा मालक: सामन्यांची पत्रके, माळ्याचा पगार, चेंडूंची खरेदी, आणि मुंबई क्रिकेट संघटनेच्या निवडणुकीत क्लबाचे एक मत. त्या एका मतामुळे छोट्या तंबूंतही मोठी माणसे चहा प्यायला येतात.

जमिनीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. आझाद मैदानाचा एक भाग मोर्चे आणि उपोषणांसाठी आहे, मेट्रो-3 च्या कामासाठीही काही जागा घेतली गेली. उरलेल्या पट्ट्यांवर दर रविवारी सकाळी नव्याने स्टंप ठोकले जातात.